जुन्नरची एका दिवसाची फेरी: लेण्याद्री, शिवनेरी आणि ओझर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेण्याद्रीचा गिरिजात्मज, शिवनेरीवरची शिवाई आणि ओझरचा विघ्नहर ही तीन दर्शनं आणि दोन चढ एका दिवसात कसे बसवायचे, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे सगळं खरंच एका दिवसात होतं का?

पुण्याहून निघणाऱ्यांचं आरामात होतं. पुणे ते नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर आणि तिथून जुन्नर १५. जुन्नरपासून लेण्याद्री ५ किलोमीटर, शिवनेरीचा पायथा गावाला लागूनच आणि लेण्याद्रीहून ओझर १५ किलोमीटरच्या आसपास. गाडीत वेळ फार जात नाही, वेळ जातो तो पायऱ्यांवर आणि रांगेत. लेण्याद्रीला दोन तास, शिवनेरीला तीन आणि ओझरला एक धरा. मुंबईकरांचंही होतं, पण त्यांनी पहाटे चारला घर सोडायला हवं. सातला निघून तिन्ही ठिकाणं करू म्हणणाऱ्यांची शिवनेरी हमखास अर्धवट राहते.

२. आधी कुठे जायचं?

आधी लेण्याद्री, मग शिवनेरी, जेवण आणि शेवटी ओझर. लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत, त्यामुळे पायऱ्यांवर दिवसभर ऊन असतं आणि दहानंतर दगड तापायला लागतो. दर्शनाची रांगही साधारण त्याच सुमारास वाढते. साडेसातला पहिल्या पायरीवर असाल तर साडेनऊपर्यंत खाली याल. दहाला शिवनेरी चढायला घेतला की एकपर्यंत उतरून होतं. ओझरला चढ नाही, देऊळ सपाटीवर आहे आणि संध्याकाळनंतरही उघडं असतं, म्हणून ते शेवटी. थोडक्यात चढ सकाळी, सपाटी दुपारी.

मार्च ते मे मात्र हा क्रम फिरवा आणि शिवनेरी पहिला करा. माथ्यावर सावली कमी आहे आणि भर उन्हातला गड लहान मुलांना झेपत नाही. लेण्याद्रीला निदान वर पोचल्यावर लेण्यात गारवा मिळतो.

३. नकाशात ‘ओझर’ टाकलं तर नाशिक दाखवतं. नेमकं कुठलं ओझर?

नाशिकजवळचं ओझर वेगळं, विमानतळाचं. अष्टविनायकातलं ओझर जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी, नारायणगावापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. नकाशात ‘विघ्नहर गणपती, ओझर, जुन्नर’ असं पूर्ण टाका. पुणे-नाशिक महामार्गावर असताना ही चूक जास्तच होते, कारण दोन्हीकडे जायला सुरुवातीचा रस्ता तोच असतो. आळेफाटा मागे पडला आणि ओझर अजून शंभराहून जास्त किलोमीटर दाखवत असेल, तर तिथूनच मागे वळा.

४. मुंबईहून माळशेजने यावं की पुण्याकडून?

पावसाळा सोडून माळशेज. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट आणि पुढे गणेशखिंडीतून जुन्नर हा रस्ता जवळचा पडतो आणि आधी लेण्याद्रीच्या बाजूला उतरवतो. जून ते सप्टेंबर या काळात घाटात दरडी कोसळतात, दाट धुकं असतं आणि शनिवार-रविवारी धबधब्यांच्या गर्दीने गाड्या जागच्या हलत नाहीत. त्या दिवसांत द्रुतगती मार्गाने तळेगाव, चाकण करत यावं. अंतर वाढतं, पण वेळेचा अंदाज चुकत नाही.

५. एसटीने जमेल का?

जमतं, फक्त एक दुवा कच्चा आहे. पुण्यात शिवाजीनगर बसस्थानकावरून (२०१९ च्या अखेरीस ते वाकडेवाडीला हललं आहे) जुन्नर किंवा नारायणगावची गाडी घ्या. नाशिककडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या नारायणगावावरून जातात आणि तिथून जुन्नरला एसटी आणि जीप चालू असतात. जुन्नर स्थानकावरून लेण्याद्रीला रिक्षा मिळते. कच्चा दुवा म्हणजे लेण्याद्री ते ओझर. थेट गाडीच्या भरवशावर राहू नका. जुन्नरमध्येच चार-पाच जणांनी मिळून लेण्याद्री, शिवनेरी पायथा, ओझर आणि शेवटी नारायणगाव अशी दिवसभराची रिक्षा ठरवावी, आणि थांबण्याचे पैसे धरून एकच रक्कम बोलून घ्यावी. जुन्नरला रेल्वे नाही.

६. लेण्याद्रीला पायऱ्या किती? कुणी २८३ सांगतं, कुणी ३०७.

दोन्ही आकडे छापलेले सापडतात. तयारी तीनशेची ठेवा. पायऱ्या दगडी आहेत, चांगल्या रुंद आहेत, पण सगळ्यांची उंची सारखी नाही, आणि दम लागतो तो त्यामुळे. सवय असलेल्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, ज्येष्ठांना चाळीस. चढताना घाई केली तर शेवटच्या टप्प्यात पोटऱ्या भरून येतात. दर पन्नास पायऱ्यांनी मिनिटभर उभ्याने थांबा. खाली बसलात की पुन्हा उठणं जड जातं.

७. आईचे गुडघे दुखतात. डोली मिळते का?

लेण्याद्रीला डोलीवाले असतात. दर माणसाच्या वजनावर आणि गर्दीवर ठरतो, तेव्हा बसण्याआधीच जाऊन-येऊन किती ते स्पष्ट विचारा आणि वर किती वेळ थांबणार तेही ठरवून घ्या. नुसतं ‘वर सोडायचे’ पैसे ठरवलेले असतील तर उतरताना अडचण होते, आणि गुडघेदुखीला उतरणंच जास्त त्रासाचं. शिवनेरी डोलीच्या भरवशावर ठरवू नका. अशा वेळी आई लेण्याद्री आणि ओझर करतील, बाकीचे गडावर जाऊन येतील, आणि मधले तीन तास त्यांच्यासोबत कुणीतरी जुन्नरमध्ये थांबेल, हे सगळं घरूनच ठरवून निघावं.

८. देवाच्या दर्शनाला तिकीट कशासाठी?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, थोड्या रागानेही येतो. लेण्याद्रीचा सगळा लेणीसमूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे आणि देऊळ त्यातल्याच सातव्या लेण्यात आहे. तिकीट स्मारकाचं आहे, दर्शनाचं नाही. रक्कम भारतीयांसाठी २५ रुपयांच्या आसपास, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. सुटे पैसे जवळ ठेवा. आणि तिकीट काढलंच आहे तर त्याचं पुरेपूर मोल वसूल करा. कसं, ते प्रश्न १० मध्ये.

९. गिरिजात्मजाचं देऊळ बाकी सात गणपतींपेक्षा वेगळं कसं?

अष्टविनायकातलं डोंगरावरचं आणि लेण्यातलं हे एकच देऊळ. वेगळी इमारत नाही, शिखर नाही, कळस नाही. तुम्ही उभे राहता तो सभामंडप म्हणजे मुळात बौद्ध भिक्खूंचा विहार आहे. सुमारे ५७ फूट लांब, ५१ फूट रुंद, उंची जेमतेम ११ फूट, आणि एवढ्या छताखाली मधे एकही खांब नाही. डाव्या-उजव्या भिंतींत सात-सात आणि मागे सहा अशा वीस खोल्या भिक्खूंच्या राहण्यासाठी कोरलेल्या आहेत. ही लेणी इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली आहेत, गणपतीची स्थापना पुष्कळ नंतरची. मूर्ती दगडी भिंतीतच आहे, म्हणून देवाला प्रदक्षिणा घालता येत नाही, घालायची तर आख्ख्या डोंगराला घालावी लागेल. गिरिजा म्हणजे पार्वती आणि आत्मज म्हणजे पुत्र. तो व्हावा म्हणून पार्वतीने याच डोंगरात तप केलं, अशी कथा आहे.

बाहेर पडताना ओसरीत मान वर करा. सहा पूर्ण आणि दोन अर्धे खांब आहेत, त्यांच्या माथ्यावर बैल, हत्ती, सिंह बसलेले दिसतील. रांगेत उभं असताना सगळ्यांचं लक्ष आत असतं आणि ते नजरेतून सुटतात.

१०. दर्शन झाल्यावर वर आणखी काय पाहायचं?

शेजारचं सहावं लेणं. तीनशे पायऱ्या चढून आलेली माणसं त्याच्यापासून काही पावलांवरून परत फिरतात, याचं फार वाईट वाटतं. देवळाच्या दाराकडे तोंड करून उभे राहिलात तर ते तुमच्या उजव्या हाताला येतं, कारण लेण्यांचे क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे जातात. हे चैत्यगृह आहे, म्हणजे प्रार्थनेची जागा. आत गेल्यावर दोन मिनिटं काहीच करू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. मग समोर स्तूप दिसू लागतो आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच खांबांच्या रांगा. एका खांबाजवळ जाऊन खालून वर पाहा. तळाशी पायऱ्यांच्या उतरंडीवर ठेवलेला घट, त्यातून निघालेला अष्टकोनी दांडा, वर तोच घट पालथा, त्यावर चौरंगांसारख्या थरांची उतरंड आणि सगळ्यांत वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. छत कमानदार आहे आणि त्याला फासळ्या आहेत. लाकडी घराला लागतात तशा, पण इथे दगडातून काढलेल्या. लाकूडकामाची सवय असलेल्या हातांनी दगडात लाकडाचं घर उभं केलं आहे.

दाराच्या वर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याने हे चैत्यगृह दान दिलं, असं ती सांगते. कल्याण बंदरातून घाट चढून माल जुन्नरला येत असे. त्या व्यापाराच्या पैशातून ही लेणी उभी राहिली, आणि आज माळशेजने येणारा मुंबईकर जवळपास त्याच दिशेने येतो. समूहात सुमारे तीस लेणी आहेत. सगळी पाहण्याइतका वेळ नसेल तर सहावं आणि सातवं नीट पाहा. टॉर्च न्या, पण प्रकाशझोत भिंतीवर तिरका टाका म्हणजे अक्षरं उठून दिसतात. समोरून टाकलात तर ती सपाट होऊन जातात.

११. माकडांचा त्रास खरंच आहे का?

आहे. आणि त्याला कारण आपण दिलेलं खाणं. हातात दिसणारी पिशवी, नारळ, प्रसादाचा पुडा, काकडी, यांतलं काहीही हिसकावलं जातं. चेनची पाठपिशवी घ्या आणि प्रसाद वरून घेतला की लगेच तिच्यात टाका. पिशवी धरलीच तर ओढाताण करू नका, सोडून द्या. माकड चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. ‘साधा ओरखडा आहे’ म्हणून घरी जाऊ नका.

१२. शिवनेरी चढायला कितपत अवघड आहे?

सात दरवाजांच्या वाटेने अवघड नाही. बांधलेल्या पायऱ्या आहेत, गाडी बऱ्यापैकी वरपर्यंत जाते, आणि थांबत-थांबत तासाभरात माथा गाठता येतो. महादरवाजा, पीर, परवानगीचा, हत्ती, शिपाई, फाटक आणि कुलाबकर असे सात दरवाजे एकामागून एक लागतात आणि प्रत्येकाच्या कमानीत सावली मिळते. थांबे तेच धरा.

माथ्यावर अंबरखाना (धान्याचं कोठार), गंगा-जमुना टाकी, कमानी मशीद, बदामी तलाव, शिवकुंज, शिवजन्माची दुमजली इमारत आणि उत्तर टोकाला कडेलोटाचा कडा. १९ फेब्रुवारी १६३० रोजी महाराजांचा जन्म इथे झाला. जन्मस्थानाच्या खालच्या खोलीत लोक आपोआप हलक्या आवाजात बोलतात, मुलांनाही आधी सांगून ठेवा. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत शिवनेरी आहे.

१३. शिवाई देवीचं देऊळ दिसलंच नाही, ते कुठे आहे?

पाचव्या म्हणजे शिपाई दरवाजानंतर मुख्य वाट सोडून उजवीकडे जावं लागतं. सरळ वर गेलात तर चुकतं, आणि माथ्यावरून फक्त त्यासाठी पुन्हा उतरायला कुणी तयार होत नाही. म्हणून जातानाच दर्शन घ्या. या देवीवरूनच महाराजांचं नाव ठेवलं गेलं, असं परंपरा सांगते. देवळामागच्या कड्यातही लेणी आहेत. शिवनेरीच्या पोटात साठाच्या वर बौद्ध लेणी आहेत, म्हणजे हा डोंगर किल्ला होण्याच्या कितीतरी आधीपासून कोरला जात होता. इथल्या शिलालेखांत यवन म्हणजे ग्रीक दात्यांची नावं सापडतात. चिट नावाच्या यवनाने भिक्खुसंघाला भोजनमंडप दिला आणि इरिल नावाच्याने पाण्याची दोन टाकी.

१४. शिवनेरीला साखळीच्या वाटेने गेलो तर वेळ वाचेल?

थोडा वाचेल, पण या फेरीत ती वाट घेऊ नका. कातळात कोरलेल्या अरुंद पायऱ्या आणि आधाराला साखळी, असा तो भाग आहे. ज्यांना उघड्या कड्याची सवय आहे, सोबत जाणकार आहे आणि खडक कोरडा आहे, त्यांच्यासाठी ती वाट ठीक. दर्शनाच्या कपड्यांत, चपला घालून, मुलं-म्हातारी माणसं बरोबर घेऊन नाही. पावसात अजिबात नाही. तिने उतरणं चढण्यापेक्षा कठीण आहे, त्यामुळे अर्ध्यावर घाबरलेल्या माणसाला वरही जाता येत नाही आणि खालीही.

१५. मधमाश्यांच्या हल्ल्याच्या बातम्या वाचल्या. काय काळजी घ्यायची?

शिवनेरी आणि लेण्याद्री दोन्हींच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, उग्र अत्तर, दगड मारणं, मोठा आवाज यांनी ती उठतात. म्हणून गडावर फटाके नकोत, सिगारेट नको, स्प्रे मारून येऊ नका.

माश्या उठल्याच तर हात झाडू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या येतात. पदर, ओढणी, शाल, जे असेल त्याने डोकं-तोंड झाकून वाटेनेच लांब जा. टाक्यात उडी मारू नका, ती खोल आहेत आणि माश्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी लगेच नखाच्या कडेने खरवडून काढा. चेहरा सुजला, दम लागला, चक्कर आली किंवा खूप डंख झाले तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघा. ज्यांना आधी माशीची ॲलर्जी झालेली आहे त्यांनी आपलं औषध जवळ ठेवूनच चढावं.

१६. कोणत्या दिवशी जाऊ नये?

निवांत पाहायचं असेल तर संकष्टी, अंगारकी, माघी गणेश जयंती आणि भाद्रपदातले गणपतीचे दिवस टाळा. १८ आणि १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजयंतीचा मोठा सोहळा असतो, राज्यभरातून ज्योत घेऊन मुलं येतात आणि गाड्या बऱ्याच खाली अडवतात. त्या सोहळ्यासाठीच जाणार असाल तर जरूर जा, पण त्या दिवशी लेण्याद्री-ओझर जोडू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला मधला वार सर्वांत उत्तम.

१७. पावसाळ्यात गेलो तर?

डोंगर तेव्हाच सर्वांत देखणा असतो. मात्र पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि घसरणं होतं ते उतरताना. पायऱ्यांच्या मधल्या, पावलांनी झिजलेल्या भागापेक्षा कडेचा खडबडीत भाग धरा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, हात मोकळे राहतात. कड्याच्या अगदी खाली आडोशाला उभे राहू नका, सुटे दगड येतात. कडेलोटाच्या बाजूला धुकं असेल तर तिकडे जायचंच नाही.

१८. चपला कुठे काढायच्या? कपड्यांचं काही बंधन?

लेण्याद्रीला चपला वर, लेण्यापाशी काढतात. अनवाणी चढण्याचा नवस असेल तर पहाटेच चढा (प्रश्न २). बूट घातलेत तर दिवसात तीन-चार वेळा लेस सोडावी लागते, म्हणून पकड चांगली असलेली पट्ट्याची सँडल सोयीची. साडी नेसायची तर काठ घोट्याच्या वर राहील अशी.

१९. अष्टविनायकाचा क्रम मोडतो का?

शास्त्रोक्त क्रमात लेण्याद्री सहावा आणि ओझर सातवा, त्यामुळे ही फेरी आपसूक क्रमातच पडते. उन्हाळ्यातही शिवनेरी आधी केला तरी दोन गणपतींचा आपसातला क्रम तोच राहतो. पूर्ण यात्रा करणाऱ्यांनी मोरगावहून सुरुवात करून मोरगावलाच सांगता करायची असते. फक्त दोन दर्शनं घेणाऱ्यांनी क्रमाची चिंता करू नये.

२०. ओझरला तासाभरात काय पाहावं?

महाद्वार, दीपमाळा, भक्कम दगडी तट आणि सोन्याचा मुलामा दिलेलं शिखर. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी देवळाचं काम करून शिखराला मुलामा दिला. देऊळ पूर्वाभिमुख आहे. विघ्नासुराने शरण येताना ‘तुझ्या नावाआधी माझं नाव घेतलं जावं’ असं मागितलं, म्हणून देव विघ्नहर, विघ्नेश्वर झाला. दर्शनानंतर मागे येडगाव धरणाच्या पाण्याकडे जरूर जा, पण पाय धुण्यापुरतंच. काठ गाळाचा आहे आणि खोलीचा अंदाज येत नाही.

२१. जेवण कुठे आणि काय?

जुन्नर-नारायणगाव भागात आलात तर मासवडी खा. नावात मास असलं तरी ती शाकाहारी आहे. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. रस्सा तिखट असतो, मुलांसाठी आधीच वेगळं काही सांगून ठेवा. चतुर्थीचा उपवास असेल तर दोन्ही देवळांच्या आसपास साबुदाण्याची खिचडी मिळते. गड उतरून लगेच भरपेट जेवू नका, अर्धा तास जाऊ द्या. पाणी माणशी दोन लिटर बरोबर घ्या. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर ताक-सरबत मिळतं, शिवनेरीच्या माथ्यावर मिळेलच असं नाही.

२२. याच दिवसात नाणेघाट किंवा तुळजा लेणी जोडता येतील का?

नाणेघाट नाही. तो जुन्नरच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख आणि वाटेतलं पूरचं कुकडेश्वराचं कोरीव देऊळ घाईत उरकण्यासारखं नाही, त्यासाठी दुसरा दिवस ठेवा.

तुळजा लेणी जमू शकतात, त्या जुन्नरहून पाचेक किलोमीटरवर आहेत, पण मग ओझर थोडं उशिरा होईल. तिथलं चैत्यगृह गोल आहे, मधे स्तूप आणि भोवती बारा साधे अष्टकोनी खांब. जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत, त्यांत असा आराखडा दुसरीकडे दिसत नाही. शिवनेरी आधी पाहिलेला असेल तर या फेरीत त्याऐवजी तुळजा घ्या, आमची शिफारस तीच राहील.

२३. अंधार पडला तर परतीला काही धोका?

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्नर तालुक्यात उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे. संध्याकाळनंतर रस्त्याकडेला शेतालगत गाडी थांबवून मुलांना खाली उतरवू नका, लघुशंकेलाही हॉटेल किंवा पेट्रोलपंपच गाठा. दुसरं म्हणजे चाकणची कोंडी. रविवारी संध्याकाळी पुण्याकडे येणारा रस्ता तिथे तुंबतो. ओझरहून साडेचारच्या आत निघालात तर बरं. ते जमणार नसेल तर धडपड न करता रात्रीचं जेवण नारायणगावातच उरकून आठ-साडेआठनंतर निघा.